कोल्हापूरकरांच्या सायकली: तुमची कुठली, आणि कुठल्या रस्त्यावर पळते?

रंकाळावेस

मंडळी नमस्कार. आपल्याकडं सायकल मारणारे आता भरपूर झालेत, पहाटे रंकाळ्यावर उभारलं की मागचे लाल दिवे लुकलुकत जाताना दिसतातच. पण कुणी नवीन माणूस सायकल घ्यायला निघाला की त्याला सल्ला मिळतो तो सगळा सपाट शहरांचा. आपल्याकडं तसं नाही ना. शहरातनं कुठल्याही दिशेला तासभर गेलं की रस्ता बदलतोय, वर पन्हाळा-जोतिबा, पश्चिमेला गगनबावडा, दक्षिणेला कात्यायनी आणि पूर्वेला पार शिरोळपर्यंत सपाट काळी जमीन. एकच सायकल ह्या सगळ्याला पुरते का, पुरत असेल तर कशी, हे आपल्यातल्याच माणसांनी सांगितलेलं बरं, म्हणून हा धागा.

सायकल कुठली, गिअर किती दातांचे (हे नक्की लिहा, किंमत नाही सांगितली तरी चालेल), आणि रस्ता कुठला.

मी सुरुवात करतो. माझी ॲल्युमिनियमची हायब्रिड (रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली), पुढं तीन चकत्या ४८-३८-२८ दातांच्या, मागं ८ गिअर ११ ते ३२ दातांचे, टायर ७०० बाय ३५, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद. नेहमीचा रस्ता रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा आणि तिथनं कळ्यापर्यंत जाऊन परत. पूल ओलांडला की दोन्हीकडं ऊस, आणि हंगामात गुऱ्हाळं चालू असली की लांबनंच कळतंय. एका गुऱ्हाळावर आम्ही नेहमी थांबतो. गुळव्या काहिलीतला फेस झाऱ्यानं काढत असतोय, खाली चुलवाणात चोयट्या (उसाचा वाळलेला चोथा) टाकणारा वेगळा, आणि काहील उलटली की वाफ्यातला गरम गूळ उसाच्या कांडक्यावर घेऊन देतात. दमलेल्या पायाला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, कुठल्या पाकिटातल्या जेलनं ते होत नाही.

केर्लीफाटा

भारी धागा काढलास भावा.

माझी रोडबाईक. पुढं ५०-३४, मागं आली तेव्हा ११-२८ होती, आता ११-३२ बसवलीय. का ते जरा सविस्तर सांगतो कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासनं साधारण ४०० मीटर उंच. शिवाजी पुलापासनं केर्लीपर्यंत काही वाटत नाही, तिथनं वाघबिळापर्यंत रस्ता हळूहळू उचलत जातोय आणि वाघबिळाला गडाकडं वळलं की खरं काम सुरू. अशा चढावर साधा नोकरीवाला माणूस ताशी ८ च्या आसपास चढतोय. आता ३४ ला २८ लावली तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.६ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ५१ फेरे, सगळा लोड गुडघ्यावर. ३४ ला ३२ लावली की तेच ५९ फेरे. आणि रंकाळावेस, तुझ्या २८ ला ३२ वर ७० फेरे येतात. चढायला ताकद एकूण तेवढीच लागते पण ती बारीक बारीक घासात घेतली की गुडघे राहतात आणि वर पोचल्यावर माणूस बोलायच्या अवस्थेत असतोय. आपल्या भागात रोडबाईक घेणाऱ्यानं मागं ३२ किंवा ३४ असल्याशिवाय घेऊच नये असं माझं स्पष्ट मत.

उतरताना ब्रेक सलग धरून ठेवायचे नाहीत, वळणाच्या आधी दाबायचे आणि वळणात सोडायचे. रिम ब्रेकवाल्यांनी तर हे पाळायलाच पाहिजे, रिम हाताला चटका बसेल इतकी तापते. पावसाळ्यात दरडीच्या बाजूला लक्ष, २०२१ च्या पावसात गडावर जायचा रस्ताच खचला होता. आणि २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत आल्यापासनं रविवारी उशिरा जायचं म्हणजे गाड्यांच्या रांगेतनं जायचं. पहाटे जा, नाष्ट्याला खाली या.

नवीन_चाक

दादा मी विद्यापीठात शिकतोय, रूम सायबर चौकाजवळ. पुढं शॉकॲब्सॉर्बर असलेली एमटीबी बघितलीय, जाड टायर, दिसायला लै भारी. रोज कॉलेज आणि रविवारी तुमच्यासारखं लांब जायचंय. घेऊ का?

लक्ष्मीपुरी_वर्कशॉप

@नवीन_चाक थांब, घेऊ नकोस. माझा दुरुस्तीचाच धंदा आहे, रोज बघतोय म्हणून सांगतो.

स्वस्तातला शॉक म्हणजे आत नुसती स्प्रिंग. एकटा चिमटाच (पुढचं चाक धरणारा फोर्क) अडीच किलोच्या घरात जातोय. चढाला उभारून पायडल मारलं की तू दाबतोयस ते चाकाला जायच्या आधी स्प्रिंग खातंय, आणि एक पावसाळा झाला की आत पाणी जाऊन ती जाम होते, मग वजन तेवढं राहतंय, शॉक गेलेला असतोय. त्याच पैशात साधा घट्ट चिमटा असलेली हायब्रिड बघ, ३५ ते ४० चा टायर. आपल्या खड्ड्यांना शॉकपेक्षा टायरमधली हवा जास्त उपयोगी. ३५ च्या टायरला ६० पीएसआयच्या आसपास ठेव, दगडासारखी भरू नकोस.

आणि साईज. दुकानात शिल्लक असेल ती साईज गळ्यात मारतात. दांडी दोन पायांच्या मधे घेऊन, पाय जमिनीला टेकवून उभा रहा, दांडीच्या वर दोन बोटं तरी जागा पाहिजे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हायला पाहिजे, मग पंजानं मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतोय. एवढं बघितलंस तरी निम्मी पाठदुखी गेली.

@केर्लीफाटा तुझं बरोबर आहे, फक्त लोकांना हेही सांग की मागची मोठी चकती टाकायच्या आधी डिरेल्युअर (मागं चेन एका चकतीवरनं दुसरीवर नेतो तो) लांब केजचा आहे का आखूड ते बघायचं. आखूडवर ३४ टाकून आणलेली सायकल येते माझ्याकडं, चेन ताणून डिरेल्युअर अडकवायचा हँगर वाकडा झालेला.

चोवीसइंची

सगळ्यांचे गिअर वाचून फार बरं वाटलं. माझ्या सायकलीला एकच आहे, पुढं ४४ दात, मागं १८. ॲटलास, फ्रेम २४ इंची, दांड्याचे ब्रेक, २८ दीडचा टायर. वडिलांनी घेतलेली. केर्लीफाटा, तुमच्या पद्धतीनं हिशोब घातला तर एका फेऱ्यात ही जवळजवळ साडेपाच मीटर जाते, म्हणून सपाटीला ती जी एकदा लागते ना ती लागते, शिरोलीपासनं हातकणंगल्यापर्यंत पाय नुसते फिरवत ठेवायचे. चढाला उतरायचं आणि ढकलायची. वाघबिळाला पूर्वी सगळेच उतरून चालायचे, दोघं-तिघं गप्पा मारत वर जायचे, त्यात कमीपणा कुणाला वाटायचा नाही आणि मला आजही वाटत नाही.

ह्या सायकलीचं काम करणारे मिस्त्री कमी झालेत ही मात्र मनाला लागणारी गोष्ट. ओव्हरऑइल मी घरीच करतो. दिवाळीनंतर एकदा सगळं उघडायचं, छर्रे रॉकेलमध्ये टाकायचे, एक एक हातात घेऊन उजेडाला धरायचा, ज्याच्यावर बारीक टिपका पडलाय तो टाकून द्यायचा, कोन आणि वाटीत नवीन ग्रीस. मधे कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धुऱ्याला घट्ट धरते ती) झिजून क्रँक हलायला लागला, बाजारात मिळालेल्या पिना मऊ निघाल्या, दोन आठवड्यात चेपायच्या. शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं जुनी पिन नेऊन दिली, त्यानं चांगल्या पोलादाची करून दिली आणि उतार असा घासला की हातोडीच्या एका टोल्यात बसली. आपल्या गावात हे होऊ शकतंय ह्याचा मला अभिमान आहे. शेतीपंपाची इंजिनं आणि ओतकामाचे सुटे भाग करणारं गाव आहे हे, सायकलीची एक पिन काय अवघड.

२०२० साली जागतिक सायकल दिनादिवशीच, ३ जूनला, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. पेपरात वाचलं त्या दिवशी मी सायकल पुसून बाहेर काढली होती.

नवीन_चाक

काका फोटो टाका की सायकलीचा!!

बावड्याची_लेक

काका, तुमची पोस्ट माझ्या बाबांना वाचून दाखवली, त्यांनी त्यांची सायकल माळ्यावरनं काढायला लावलीय आता.

माझी पण हायब्रिड, पुढं ४६-३०, मागं ११-३४. रोज कसबा बावड्यातनं राजारामपुरीत ऑफिसला आणि रविवारी आमचा बायकांचा ग्रुप आहे त्यांच्याबरोबर. कात्यायनी, कणेरी, कधी जोतिबा. बायकांसाठी म्हणून मुद्दाम लिहिते. पहिल्या महिन्यात सायकल सोडून देतात त्या बहुतेकजणी सीटमुळं सोडतात, दमामुळं नाही. दुकानातली सीट अरुंद असते आणि आपली बसायची हाडं थोडी लांब असतात. जाड गादीची सीट घेऊन उपयोग होत नाही, ती मधे वर येते आणि जास्त टोचते. रुंद मागची बाजू आणि मधे खाच असलेली घ्या, पॅडची शॉर्ट घ्या, तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आमच्यातल्या एका डॉक्टर ताईंनी सांगितलं आणि त्या दिवसापासनं सुधारलं.

जोतिबाला चैत्र यात्रेच्या आसपास आणि खेट्याच्या (माघातल्या वारीच्या) रविवारी सायकल नेऊ नका. गर्दी तर असतेच, शिवाय रस्त्यावरचा गुलाल चेनला बसतो आणि तेलात कालवून त्याचा राडा होतो, तो जुन्या टूथब्रशनं एक एक कडी घासून काढावा लागतो.

आता मला जे बोलायचंच आहे ते. उसाचा हंगाम जवळ आलाय. मागच्या हंगामात पहाटे आम्ही सांगली रोडनं चाललो होतो, अजून अंधार होता, हातकणंगल्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी. टायर फुटलेला, माणूस कोण नाही, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते दोन दगड ठेवलेले. पुढची मैत्रीण ओरडली म्हणून मागच्या आम्ही वाचलो. उसाची टोकं मागं इतकी बाहेर आलेली की सरळ तोंडावर आली असती. त्यानंतर दोघींच्या घरच्यांनी पहाटेची सायकल बंद केली. चांगल्या मारत होत्या हो त्या. ह्याचा काहीतरी विचार आपण सगळ्यांनी करायला पाहिजे.

केर्लीफाटा

हे दर वर्षीचं आहे ताई. दर हंगामात रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, फोटो येतात आणि महिनाभरानं परत तेच. माझ्या मते सरळ दंड लावावा, ट्रॉली जप्त करावी.

शिरोळ_तालुका

मी ऊसवाला. ट्रॉली माझी नाही पण माझाच ऊस त्यात जातोय, म्हणून बोलतो. आणि सायकल माझीपण आहे, २२ इंची, मागं दुधाची किटली लावून सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो, म्हणजे त्याच रस्त्यानं त्याच अंधारात मी पण असतोय.

ताई तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण दिवा का नसतोय ते बघा. ट्रॅक्टरपासनं पहिल्या ट्रॉलीला वायर, पहिल्यापासनं दुसरीला वायर, मधे दोन प्लग. फडात ऊस भरून बाहेर काढताना पाचटात आणि सरीत ओढाताण होऊन प्लग निसटतोय, तो चालकाला पुढं बसून कळत नाही. समजा नाही निसटला, तरी ऊस मागं दीड-दोन फूट बाहेर आलेला असतोय, म्हणजे ट्रॉलीच्या फळीवरचा दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही उसाच्या आड. मोहिमेत रिफ्लेक्टर लागतोय तो त्या फळीवर. रिकामी ट्रॉली जाताना चमकते, भरलेली आली की काळोख. म्हणून दरवर्षी लावूनपण तुम्हाला दिसत नाही.

आणि चालक. बीडकडनं आलेली पोरं, रात्रभर कारखान्याच्या रांगेत काढलेली, परत पहाटे फडात. त्याला दंड लावून ट्रॉलीला दिवा येणार नाही, त्याची खेप बुडेल एवढंच.

ह्याला एकच उपाय मी बघितलाय. ऊस भरून झाला की मागं, उसाच्या टोकावरनं, रिफ्लेक्टरची पट्टी शिवलेलं कापड लटकवायचं. कापड खेपेगणिक काढायचं आणि परत लावायचं. आमच्यातल्या काही ट्रॉल्यांना आता ते असतंय, रात्री लांबनं उजळ दिसतंय.

केर्लीफाटा

हे फळीचं मला माहीत नव्हतं. पटलं. पण मग कापड लावायचं काम कुणाचं, चालकाचं, शेतकऱ्याचं का कारखान्याचं?

शिरोळ_तालुका

फडावर शेतकरी हजर असतोयच, मोळ्या मोजायला. त्यानं बांधून दिलं तर झालं. मी माझ्या फडाचं बोलू शकतो, दुसऱ्याला सांगून बघू शकतो.

मास्तरीण

इथली चर्चा वाचून राहवलं नाही. मी करवीर तालुक्यात एका खेड्यातल्या हायस्कूलला शिकवते. आमच्याकडं मुली तीन-चार किलोमीटरवरनं सायकलनं येतात, त्यांना पहाटेचा रस्ता नसतो पण संध्याकाळचा असतो, जादा तासाला थांबल्या की डिसेंबरमध्ये घरी पोचेपर्यंत अंधार, आणि त्याच रस्त्यानं ट्रॉल्या. कुणाच्या सायकलीला दिवा नाही. मी स्वतः आमच्या शाळेत एक करते ते सांगते. दर सोमवारी मधल्या सुट्टीत सायकली उभ्या करून मुलींनीच एकमेकींचे ब्रेक बघायचे. मागचं चाक उचलून फिरवायचं, ब्रेक दाबला की गपकन थांबलं पाहिजे. रबर झिजून लोखंड लागत असेल तर आवाजावरनं कळतंय, ते आठवीतली मुलगीसुद्धा सांगते आता. चेन पडली तर हात काळे न करता काडीनं कशी चढवायची ते शिकवलंय. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावून घेतलीय, तिला खर्च फारसा येत नाही.

ज्या दिवशी एखादी मुलगी भावाला न बोलावता स्वतः पंक्चर काढते ना, तो दिवस माझ्यासाठी फार मोठा असतो. माझी स्वतःची सायकल साधी लेडीज, बिनगिअरची, पण आता हा धागा वाचून गिअरवाली घ्यायचा विचार पक्का होतोय. गुडघ्याचं गणित फार आवडलं, वर्गात गुणोत्तर शिकवताना वापरणार.

लक्ष्मीपुरी_वर्कशॉप

बाई, तुमच्या शाळेत एखाद्या शनिवारी मी हत्यारं घेऊन येतो. ब्रेकची रबरं आणि वॉलट्यूब माझ्याकडनं. पैशाचं बोलू नका.

आणि आता चेन निघालीच आहे तर सगळ्यांसाठी. चेन मोजायला महागडं हत्यार लागत नाही, पोलादी पट्टी पुरते. एका पिनवर शून्य ठेवा, २४ पिना पुढं मोजा, नवीन चेनला बरोबर १२ इंच येतात. एक सोळांश इंच जास्त आलं की चेन बदला. एक अष्टमांश आलं तर मागची कॅसेटपण (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) गेली समजा, नवी चेन त्याच्यावर घसरणार. वेळेत चेन बदलली तर कॅसेटचा खर्च वाचतोय, हा हिशोब कुणी मनावर घेत नाही. पावसात चालवली तर त्याच दिवशी पुसून तेल, दुसऱ्या दिवशी नाही.

काका, तुमच्या स्टीलच्या रिमला पावसात ब्रेक लागत नाहीत ते तुम्हाला सांगायला नको, पण ज्यांनी माळ्यावरनं सायकली काढल्यात त्यांना सांगतो. पाण्यात क्रोमच्या रिमवर रबर नुसतं सरकतंय. आधीपासनं हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची आणि मग दाबायचा, आणि अंतर भरपूर ठेवायचं.

पेठेतला_पुण्यात

शिवाजी पेठेतला, नोकरीनं पुण्यात. धागा वाचून गावची आठवण फार आली.

मी ब्रेव्हे करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही एका हंगामात केले की सुपर रॅंडोनर म्हणतात, हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का किंवा नोंद, बाहेरची मदत घ्यायची नाही, पंक्चर तुमचं तुम्ही काढायचं. कार्डावर नंबर-बिंबर काही येत नाही, पहिला आलेला आणि शेवटचा आलेला सारखाच, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

सायकल स्टीलची, पुढं ४६-३०, मागं ११-३४, टायर ३२. रात्रीचे टप्पे असतात म्हणून ब्रेव्हेला पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल आणि रिफ्लेक्टरचं जाकीट लागतंच, आणि इथं एक गोष्ट बावड्याच्या ताईंच्या विषयाशी जोडून सांगतो. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, तुमचाच उजेड तुमच्याकडं परत पाठवतो. म्हणजे ट्रॉलीला कापड लावलं तरी तुमच्या पुढच्या दिव्यात दम नसेल तर ते दिसणार नाही. नुसता लुकलुकणारा छोटा दिवा लोकांना तुम्ही दिसावं म्हणून असतो, तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाही. पुढं दोन दिवे ठेवा, एक रस्त्यावर, एक जरा वर. मागचा दिवा स्थिर ठेवा, लुकलुकता असेल तर मागच्याला अंतर कळत नाही.

आंबा घाटाकडं कोण जात असेल तर सांगा, दिवाळीत येतोय. मलकापूरच्या पुढं सकाळचं धुकं आणि ते जंगल, तसा रस्ता मला पुण्याच्या आसपास मिळाला नाही.

चोवीसइंची

माझा डायनामो ६ व्होल्टचा आहे, जोरात मारली तर उजेड, थांबलं की अंधार. आता बॅटरीचा दिवा घेतो. हँडलवर बसवायला जागा आहे.

रंकाळावेस

पेठेतल्या दादा, आंब्याला मी येतो. पावसाळ्यात पश्चिमेकडं जाताना वारं तोंडावर असतंय, दिवाळीनंतर तो त्रास कमी. गगनबावडापण घ्या, साधारण ५५ किलोमीटर, कळ्याच्या पुढं साळवणपर्यंत रस्ता खालीवर होत राहतोय आणि शेवटी गाव आलं की करूळ आणि भुईबावडा दोन्ही घाटांची तोंडं तिथंच. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथं, त्यामुळं ऑक्टोबर संपेपर्यंत सगळं हिरवं असतंय. राधानगरी ज्याला करायची त्यानं भोगावतीच्या रस्त्यानं जावं. धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठराविक उंचीला आलं की आपोआप उघडतात. त्या पाण्याकडं बघत बसून डबा खाणं ह्यासाठी तो सगळा रस्ता मारावा.

पावसाळ्यात एकच सांगणं, बंधाऱ्यावरनं पाणी जात असेल तर सायकल घालू नका. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३, पण आपले बंधारे त्याच्या किती आधी पाण्याखाली जातात. घोटाभर पाणी दिसलं तरी खाली कठडा नसतोय आणि कडा दिसत नाही.

आणि ट्रॉलीचं. @शिरोळ_तालुका, @बावड्याची_लेक, हे इथंच सोडायचं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी आपण कापडं शिवून घेऊया का? सगळ्या जिल्ह्याचं नाही जमणार, आपण ज्या तीन-चार रस्त्यांनी जातो तेवढ्यापुरतं तरी. ट्रॅक्टरवाले चहाला जिथं थांबतात तिथं जाऊन द्यायची.

बावड्याची_लेक

आमचा ग्रुप शिवायला तयार. आमच्यातल्या एकीचं शिलाईचं काम आहे, जाड सुई असलेलं मशीन आहे तिच्याकडं. पट्टी किती रुंद घ्यायची आणि कापड किती मोठं?

मास्तरीण

आमच्या मुलींनापण सांगा, कार्यानुभवाच्या तासाला शिवतील. ज्यांच्या घरचा ऊस आहे त्या बापाला बांधायलापण लावतील, ते जास्त उपयोगाचं.

केर्लीफाटा

पट्टीचा रोल माझ्याकडनं. लाल-पांढरी, दोन इंची. वाटायला पण येतो, सांगली रोड माझ्याकडं द्या.

शिरोळ_तालुका

ताई, कापड चार फूट रुंद, दोन फूट उंच पुरतंय. नवीन कापड घेऊ नका, खताची पांढरी पोती घ्या, धुवून, उसवून, ती दवानं भिजत नाहीत आणि कुणी चोरतपण नाही. पट्टी आडवी दोन ओळीत, वरची ओळ उसाच्या टोकाच्या जरा खाली यायला पाहिजे. चारी कोपऱ्याला भोकं पाडून बारीक तार घाला. सुतळी नको, उसाच्या पात्यानं एका खेपेत कापली जाते. पोती माझ्याकडं आहेत, कोल्हापूरला येणाऱ्या दुधाच्या गाडीत टाकतो, कुठं उतरवून घ्यायची तेवढं सांगा.

लक्ष्मीपुरी_वर्कशॉप

माझ्या दुकानात उतरवा. सकाळी ८ ला उघडतो.